ग्राइंडरसमोर बसून काम करायचंय? पाइप कापण्याआधी स्टूल उंच करून बघा

बेंच ग्राइंडरचा, म्हणजे फिरत्या दगडावर धार लावायच्या मशिनचा, स्टँड उभ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. दोन-चार मिनिटांत ड्रिल बिट घासून बाजूला होणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण एका बैठकीत ढीगभर कात्र्या, पटाशा आणि रंध्याची पाती धारेला लावायची असतील, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, कंबर उभं राहू देत नसेल किंवा कामच व्हीलचेअरवरून चालत असेल, तर तोच स्टँड अडचणीचा होतो. साधं स्टूल घेऊन बसलं की दगड छातीपाशी येतो, खांदे कानाला लागतात आणि गुडघे स्टँडच्या पाइपवर आपटतात.

मग बहुतेक जण एकच उपाय करतात: पाइप मधोमध कापायचा, अर्धा फूट काढून टाकायचा आणि पुन्हा वेल्ड करायचा. उंची कमी होते, पण काम सुखाचं होत नाही. बसून काम करताना उंची हा सगळ्यात सोपा भाग असतो. खरा प्रश्न गुडघ्यांचा आणि त्याहून मोठा ठिणग्यांचा. म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे: आधी शरीर, मग स्टूल, मग स्टँड आणि कटिंगचं चाक सगळ्यात शेवटी.

इथे सहा इंची दगडाचा, सिंगल फेजवर चालणारा बेंच ग्राइंडर आणि त्याखालचा एका पाइपचा स्टँड, म्हणजे पॅडेस्टल, धरला आहे. आठ इंची मशिनलाही रीत तीच, आकडे तेवढे बदलतील.

बसून काय करायचं आणि काय नाही

धार काढणं, ड्रिल बिट घासणं, लेथच्या टूलला कोन देणं, स्क्रूड्रायव्हरचं टोक सरळ करणं ही हलक्या हाताची कामं बसून उत्तम होतात. हात स्थिर राहिल्याने उलट जास्त चांगली होतात. वेल्डिंगचा फुगवटा काढणं, ओतीव कामाच्या कडा मारणं, जाड पट्टीचा कोपरा खाणं या कामांना अंगाचा जोर लागतो. बसलेला माणूस तो जोर खांद्यातून काढतो आणि आठ दिवसांत खांदा धरतो. अशी कामं उभ्यानेच करा किंवा दुसऱ्याला द्या.

मापं घ्या

टेप, खडू आणि माप घ्यायला दुसरा माणूस एवढंच लागेल. ज्या चपला-बुटांत काम करता तेच घालून सपाट स्टुलावर ताठ बसा. मांड्या आडव्या आणि दंड अंगालगत सरळ खाली ठेवून हात कोपरात काटकोनात वाकवा. आता चार मापं लिहून घ्या:

१. जमिनीपासून बैठकीची उंची.
२. बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत.
३. बैठकीपासून मांडीच्या सगळ्यात जाड भागाच्या वरपर्यंत.
४. गुडघ्यामागच्या खोबणीपासून टाचेखालपर्यंत.

पाचवं माप मशिनचं: ग्राइंडरच्या पायापासून टूल रेस्टच्या (दगडासमोर हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) वरच्या पृष्ठभागापर्यंत. सहा इंची मशिनमध्ये ते १२-१३ सेंमीच्या आसपास भरतं, पण प्रत्यक्ष मोजाच.

बारीक कामासाठी टूल रेस्ट कोपराच्या थोडा वर, साधारण ५ ते १० सेंमी, असावा. त्याहून खाली असेल तर मान वाकते आणि वर असेल तर खांदे उचलले जातात. म्हणजे हिशेब असा: कोपराची जमिनीपासूनची उंची, अधिक ५, वजा मशिनचं माप, बरोबर स्टँडच्या वरच्या प्लेटची उंची.

मध्यम उंचीच्या माणसाचं उदाहरण घेऊ. बैठक ४८ सेंमी, कोपर त्यावर २३, म्हणजे जमिनीपासून ७१. टूल रेस्ट हवा ७६ वर. त्यातून १३ वजा केले की प्लेट ६३ वर आली. आता मांडी बघा. बैठकीवर १५ सेंमी जाडी धरली तर मांडीचा वरचा भागही ६३ वरच. प्लेटची जाडी आणि खालून आलेले नट धरले तर मांडी तिच्याखाली जाणारच नाही.

बहुतेकांची गाडी इथेच अडते, आणि अडली की ते स्टूल थोडं वर घेतात. त्याने काही सुटत नाही. स्टूल वर गेलं की कोपर वर जातं, मांडीही वर जाते. दोघांमधलं अंतर आहे तेवढंच राहतं. मांड्या आडव्या ठेवून बसायचं ठरवलं, तर कितीही पाइप कापला तरी ही अडचण राहणारच.

यातून वाट काढायची तर मांड्या उतरत्या करायच्या. बैठक ६० सेंमीपर्यंत नेली आणि पुढच्या कडेला थोडी उतरती केली, तर माणूस धड बसलेला नाही आणि धड उभाही नाही अशा स्थितीत टेकतो. गुडघे बैठकीपेक्षा खाली येतात. आता हिशेब पुन्हा मांडा: कोपर ८३, टूल रेस्ट ८८, प्लेट ७५. गुडघ्याचा वरचा भाग ६० च्या आसपास राहतो, म्हणजे प्लेटखाली चांगली १०-१२ सेंमी मोकळी जागा मिळते. बाजारात मिळणारे बरेचसे पॅडेस्टल ७५ ते ८५ सेंमी उंचीचे असतात. म्हणजे पाइपला हात न लावता, किंवा थोडासाच लावून, काम भागतं. शिवाय दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ६० सेंमीवरून उठणं ४५ वरून उठण्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. माझं मत विचाराल तर दहापैकी आठ जणांना स्टँड नव्हे, स्टूल बदलायची गरज असते.

व्हीलचेअरचं गणित वेगळं आहे, कारण बैठक हलत नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

विटा रचून बघा

कागदावरचा हिशेब अंगाला लागतो का ते बघायला विटा आणि प्लायचा तुकडा पुरतो. मशिनची पिन सॉकेटमधून काढा, मशिन स्टँडवरून उतरवा आणि विटांच्या दोन थप्प्यांवर प्लाय टाकून त्यावर ठेवा. वीट आडवी, कडेवर, उभी अशी फिरवली की उंची इंच-इंचाने बदलता येते. समोर बसून हातात खरीच पटाशी घ्या आणि धार काढल्यासारखी टूल रेस्टवर डावी-उजवीकडे सरकवा. पाच मिनिटं करा. खांदा वर चढतोय का, मान किती वाकते, गुडघा कुठे लागतो ते खडूने खुणा करून ठेवा.

नजरेकडेही लक्ष द्या. बसल्यावर चेहरा दगडाच्या जवळ येतो. बायफोकल चष्मा असेल तर जवळचं बघायची काच खाली असते, त्यामुळे माणूस नकळत हनुवटी वर करून बघतो आणि संध्याकाळी मान आखडते. अशांनी टूल रेस्ट दोन-तीन सेंमी खाली घ्यावा किंवा कामापुरता एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा.

विटांच्या रचनेवर मशिन चालू करून बघायचा मोह होतो. अजिबात करू नका.

स्टूल

चाकांचं स्टूल ग्राइंडरसमोर चालत नाही. दगडावर काम दाबलं की माणूस मागे सरकतो, मग सावरण्यासाठी पुढे झुकतो. नेमका तोच क्षण धोक्याचा. ऑफिसची जुनी खुर्ची वापरायचीच असेल तर तिची चाकं काढून रबरी बूट बसवा.

बैठक रेक्झिनची किंवा फोमची नको. ठिणगी पडली की भोक पडतं आणि आतला फोम धुमसत राहतो. लाकडी फळीवर जुन्या चामड्याचा किंवा जाड कॅनव्हासचा तुकडा ठोकला की झालं. पुढच्या कडेला गोलाई द्या. उतार देताना मागच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे लावण्यापेक्षा फळी आणि सांगाड्याच्या मध्ये पाचर बसवा, म्हणजे स्टूल डुगडुगत नाही. उतार दोन बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर माणूस सारखा घसरतो आणि पायांनी स्वतःला धरून ठेवतो.

एवढ्या उंचीवर टाचा जमिनीला टेकत नसतील तर पायटेकण लागेल. मांड्या उतरत्या असल्याने पाय बऱ्यापैकी खाली पोचतात. उरलेली फट फळीने भरा. चौथं माप इथे कामाला येतं. पायटेकण स्टुलाला जोडू नका. त्यावर पाय देऊन उठताना स्टूल कलंडतं. स्टँडच्या बेस प्लेटवर आडवी पट्टी किंवा जमिनीवर सुटी रुंद फळी बरी.

स्टँडचं काम

आता उरलेल्या फरकाचं बघू. प्लेट किती खाली आणायची आहे ते कळलं की तीन रस्ते आहेत.

पहिला, जुन्या पाइपला हात न लावता नवा आखूड पाइप करून घेणं. पॅडेस्टलला वर-खाली फ्लँज (बोल्टने जोडायच्या भोकांच्या चकत्या) असतील तर वेल्डरकडून तेवढ्याच भोकांचे दोन फ्लँज आणि हव्या त्या लांबीचा पाइप जोडून घ्यायचा. जुना पाइप माळ्यावर ठेवायचा. पुढे मशिन विकायची किंवा दुसऱ्याला उभं राहून वापरायची झाली तर तो परत लावता येतो. नवख्यांना मी हाच रस्ता सांगतो.

दुसरा, पाइप कापणं. कापायचाच तर मधून कापून दोन तुकडे जोडू नका. खालच्या बेस प्लेटजवळून कापा आणि सरळ कापलेलं टोक प्लेटवर वेल्ड करा, म्हणजे सांधा एकच राहतो. पाइपभोवती जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून, कडा जुळवून खूण केली की काप तिरका जात नाही. आधी चार बाजूंनी चार टाके मारा, गुण्या लावून दोन दिशांनी पाइप उभा आहे ना ते बघा, मगच पूर्ण वेल्ड फिरवा. एका बाजूने सलग वेल्ड केला की पाइप त्या बाजूला ओढला जातो.

तिसरा, वर-खाली होणारा स्टँड. एकाच ग्राइंडरवर दोन वेगळ्या उंचीची माणसं काम करत असतील तर हा करावा. ६० बाय ६० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप बाहेर आणि ५० बाय ५० चा आत. आतली जागा ५४ मिमी असते, म्हणजे एकूण ४ मिमी ढील राहते. ती तशीच सोडली तर मशिन चालू झाल्यावर खडखड करते. दोन लगतच्या बाजूंना आतल्या पाइपवर पातळ पट्ट्या लावा आणि समोरच्या दोन बाजूंनी दाबणारे बोल्ट द्या. वजन मात्र बोल्टच्या दाबावर सोडू नका. आरपार भोकातून जाणारी जाड पिन हवीच. बाहेरच्या पाइपच्या आतली वेल्डची शिवण किती वर आलीय ते खरेदी करतानाच बोट फिरवून बघा.

कुठलाही रस्ता घेतला तरी वरची प्लेट अरुंद ठेवा, मशिनच्या पायापेक्षा एखाद-दोन सेंमी मोठी, बस. रुंद प्लेट दिसायला भक्कम दिसते, पण गुडघे उघडता येत नाहीत. पाइपच्या दोन्ही बाजूंना गुडघे मोकळे राहणं हाच तर एका पाइपच्या पॅडेस्टलचा फायदा आहे; चार पायांच्या अँगलच्या स्टँडला तो नाही.

मशिन पाइपच्या मध्यावर न ठेवता थोडं पुढे, आपल्या बाजूला सरकवलं की पाय ठेवायला जागा वाढते. पाच-सात सेंमीपर्यंत हरकत नाही. त्याहून पुढे नेलं तर स्टँडचा तोल पुढे जातो, आणि तेव्हा तो जमिनीला बांधलाच पाहिजे. इथे आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये हमखास येणारी एक अडचण सांगतो. खाली शहाबादी फरशी असेल तर अँकर फास्टनर (जमिनीत फुगून बसणारा बोल्ट) फरशीत पकड घेत नाही, आणि हॅमर ड्रिलने फरशी तडकते. आधी हॅमर बंद ठेवून फरशीला भोक पाडा, मग खालच्या काँक्रीटमध्ये ड्रिल करा आणि फास्टनर काँक्रीटमध्ये पोचेल एवढा लांब घ्या. फरशीखाली नुसती मुरूम-माती असेल तर फास्टनरचा नाद सोडा. बेस प्लेट मोठी करून तिच्या मागच्या बाजूला वजन ठेवा. पोकळ पाइपमध्ये कोरडी वाळू भरून तोंड बंद केलं तर वजनही वाढतं आणि कंपही कमी होतो. पाइपवर वेल्डिंगचं काम उरलं असेल तर ते वाळू भरण्याआधी उरका.

व्हीलचेअरसाठी पाइप मागे आणि मशिन पुढे अशीच रचना लागते, पण एवढं पुढे आलेलं मशिन पॅडेस्टलवर पेलण्यापेक्षा भिंतीला जाड अँगलचे ब्रॅकेट लावून त्यावर ठेवणं चांगलं. भिंत नऊ इंची विटांची किंवा काँक्रीटची हवी. प्लेटखाली ६८ ते ७० सेंमी मोकळी उंची लागते आणि खुर्चीचे हात आत जातात का तेही मोजावं लागतं. मग टूल रेस्ट कोपराच्या १० सेंमी वर जातो. बारीक धारेच्या कामाला ते चालतं, फक्त हात लटकत राहू नयेत म्हणून प्लेटच्या पुढच्या कडेला मनगटाच्या मागचा भाग टेकवायला लाकडी ठोकळा द्या.

ठिणग्या

दगडाचा पुढचा भाग वरून खाली फिरतो, त्यामुळे ठिणग्या खाली जातात. उभ्या माणसाच्या बाबतीत त्या जमिनीवर आणि बुटावर पडतात, म्हणून कुणी फारसं लक्ष देत नाही. बसलेल्या माणसाच्या त्या थेट मांडीवर येतात. हा भाग सोडून बाकी सगळं नीट केलं तरी स्टँड पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरतो.

उपाय पत्र्याचा. दीड-दोन मिमी जाडीचा लोखंडी पत्रा घ्या, दगडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्त. टूल रेस्टच्या खालून सुरू होऊन तो दगडाच्या खाली मागच्या बाजूला उतरला पाहिजे, म्हणजे ठिणग्या त्यावर आपटून तुमच्यापासून लांब घसरतील. पुढची कड दोन इंच वर वळवा. सगळ्या कडा दुमडा, नाहीतर कापलेला पत्रा ठिणगीआधी मांडी कापेल. हा पत्रा स्टँडला बोल्टने बांधा. मशिनच्या गार्डला (दगडावरच्या झाकणाला) अडकवू नका, आणि दगड व पत्र्यात बोटभर फट ठेवा.

खालच्या टोकाला वाळू घातलेला डबा ठेवा. डबा रोज रिकामा करा. आणि एक नियम कडकपणे पाळा: या दगडावर ॲल्युमिनियम घासायचं नाही. ते दगडात भरून बसतं, दगड तापतो. शिवाय ॲल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा गंजलेला चुरा एकत्र साठला तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. लाकडाचा भुसाही या कोपऱ्यात नको. सुतारी आणि ग्राइंडर एकाच खोलीत असेल तर ग्राइंडर चालवण्याआधी झाडू फिरवा.

पत्रा लावला तरी मांडीवर कातडी एप्रन हवा, गुडघ्यांच्या खालपर्यंत येणारा. पॉलिस्टरची पँट नको. ती वितळून कातडीला चिकटते. ओढणी, मफलर, सैल बाह्या, मोकळे केस आणि सुती हातमोजे हे सगळं दगड ओढून घेतो. बसलेल्या माणसाला झटकन मागे उडी मारता येत नाही, म्हणून उभ्यानं जे चालून जातं ते इथे चालत नाही. डोळ्यांना गॉगल आणि त्यावर फेस शील्ड, दोन्ही.

दगड आणि टूल रेस्ट

सहा इंची दगड मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेतो, म्हणजे त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. तडा गेलेला दगड फुटला तर तुकडे दगडाच्याच रेषेत उडतात. बसल्यावर त्या रेषेत तुमचा चेहरा असतो.

म्हणून स्टँडच्या कामासाठी मशिन उतरवलंच आहे तर दगडही काढून तपासा. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवा. दगड बोटावर लटकवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ, घुमणारा आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला तर फेकून द्या, तोही दोन तुकडे करून, म्हणजे दुसरा कुणी उचलून लावणार नाही. परत बसवताना दोन्ही बाजूंचे कागदी वायसर काढू नका.

टूल रेस्ट आणि दगडातलं अंतर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याहून जास्त नको. वरच्या गार्डच्या जिभेचं, म्हणजे पुढच्या सरकत्या पट्टीचं, दगडापासून अंतर दोन सूत. दगड झिजेल तसं हे अंतर वाढतं आणि काम मध्ये ओढलं जाऊन अडकतं, म्हणून अधूनमधून जुळवत राहा, मशिन पूर्ण थांबवून.

वीज आणि बटण

मशिनवरचं मूळ बटण बसलेल्या माणसासाठी चुकीच्या जागी असतं: चालू करायला दगडासमोर वाकावं लागतं. त्याऐवजी एका बाजूला, हाताच्या अंतरावर, भिंतीवर किंवा स्टँडपासून निघालेल्या पट्टीवर पुश बटणाचा स्टार्टर बसवून घ्या. शेतीपंपाला असतो त्या पद्धतीचा सिंगल फेजचा लहान स्टार्टर मिळतो. त्याचा दुसरा फायदा असा की वीज गेली की तो सुटतो, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशिन सुरू होत नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. साध्या बटणावरचं मशिन तुम्ही समोर बसून टूल रेस्ट जुळवत असताना अचानक फिरू लागू शकतं. लाल बटण मात्र बसल्या जागेवरून, न बघता, हाताला लागलं पाहिजे. हे काम वायरमनकडून करून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) त्याला तपासायला सांगा. केबल पायांमधून नेऊ नका.

पहिल्यांदा चालू करताना

बोल्ट आवळल्यावर आधी दगड हाताने फिरवून बघा. पत्र्याला किंवा रेस्टला कुठे घासत नाही ना ते कळतं. मग स्टुलावर न बसता बाजूला उभे राहा, व्हीलचेअर असेल तर ती बाजूला घ्या आणि हिरवं बटण दाबा. एक मिनिट तसंच थांबा. नवा दगड असेल तर तेवढ्या वेळात त्याचा दोष उघड होण्याची शक्यता असते. मग समोर बसा. ही सवय पुढेही रोज ठेवा, दिवसाच्या पहिल्या चालू करण्याला तरी.

पहिलं काम म्हणून जुनी, बिनकामाची पटाशी घ्या. ठिणग्या पत्र्यावर पडतायत की एप्रनवर ते बघा आणि त्याप्रमाणे पत्र्याचा उतार बदला. पाइपला हात लावून थरथर बघा. प्लेटचे बोल्ट अर्ध्या तासाने आणि मग आठवड्याने पुन्हा आवळा, नव्या फ्लँजचे नट सुरुवातीला ढिले होतातच. बसण्याची सोय झाली म्हणून तासन्‌तास बसू नका; अर्धा-पाऊण तास झाला की मशिन बंद करून, दगड पूर्ण थांबेपर्यंत जागेवरच राहून, मग उठा.